ह्यूम : एक आडनाव आणि पूर्वजांच्या गतीचा प्रश्न

'ह्यूम' हे आडनाव मुळात एका जागेचे नाव आहे. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सरहद्दीलगत बर्विकशर नावाचा परगणा आहे. तिथे एका उंच धारेवर ह्यूम नावाचे गाव आणि त्याच नावाचा किल्ला आहे. मध्ययुगात त्या जमिनीचे मालक जमिनीच्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि वंशजांनी ते नाव पुढे चालवले. इंग्लंडच्या वायव्येला, लँकशर आणि चेशर भागांत, 'हुल्म' नावाची काही ठिकाणे आहेत. दलदलीतून वर आलेल्या कोरड्या जमिनीला डेन लोक जो शब्द वापरत, त्यावरून ती नावे पडली. त्यांचा उच्चार 'ह्यूम'शी इतका जुळतो की तिकडच्या काही घराण्यांच्या आडनावाचेही लेखन पुढे 'ह्यूम' असे झाले. त्यामुळे हे आडनाव लावणारी सगळी माणसे एका कुळातली नाहीत. संगमनेरकर, नेवासकर, शेवगावकर ही आडनावे जशी गावावरून पडली तसेच हेही पडले, आणि दोन नेवासकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे जसे नाही तसेच दोन ह्यूम घराण्यांचेही आहे.

स्कॉटलंडमध्ये हे आडनाव बराच काळ 'होम' असे लिहिले जाई आणि 'ह्यूम' असे उच्चारले जाई. १९६३-६४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेले सर अॅलेक डग्लस-होम आपले आडनाव जुन्या रीतीने लिहीत, पण त्याचा उच्चार 'ह्यूम' असाच होता. या आडनावाला जगभर पोचवणारा तत्त्वज्ञ डेव्हिड १७११ साली एडिंबरात जन्मला तेव्हा तोही 'होम'च होता. इंग्रजांना त्या अक्षरांवरून खरा उच्चार साधत नाही, म्हणून १७३४ च्या सुमारास त्याने लेखन बदलले. त्याच्या थोरल्या भावाने मात्र जुने लेखन सोडले नाही. डेव्हिडचा स्नेही, नाटककार जॉन होम, यानेही सोडले नाही, आणि दोघा मित्रांत यावरून आयुष्यभर लटका वाद चालला. मृत्यूच्या काही दिवस आधी डेव्हिडने मृत्युपत्राला जोड लिहिली. तीत त्याने जॉनला आपल्याजवळची जुनी क्लॅरेट मद्याची दहा डझन बाटल्यांची भेट ठेवली. जॉनला न आवडणाऱ्या पोर्ट मद्याच्या सहा डझन बाटल्या आणखी मिळणार होत्या, पण त्यासाठी त्याने पोर्टची एक बाटली एकट्याने संपवून तसे लिहून द्यायचे आणि खाली सही 'जॉन ह्यूम' अशी करायची होती.

मृत्युशय्येवरचा माणूस आपल्या आडनावाशी असा खेळू शकला, याचे कारण त्याच्या विचारात सापडते. आडनावामागे, किंवा नावामागे, पिढ्यान्पिढ्या टिकणारे काही असते का, हा प्रश्न त्याने तरुणपणीच सोडवला होता. स्वतःच्या आत डोकावून पाहिले तर ऊब, गारवा, प्रेम, द्वेष, वेदना, सुख असे एकेक अनुभव सापडतात. ते अनुभवणारा वेगळा 'मी' कधीच हाती लागत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. वाहत्या अनुभवांच्या समूहाला आपण सोयीसाठी एक नाव देतो आणि मग त्या नावालाच वस्तू समजतो. भारतीय वाचकाला यात 'मिलिंदपञ्ह' आठवल्यावाचून राहणार नाही. ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नाव विचारतो, तेव्हा नागसेन सांगतो की हे केवळ व्यवहाराचे नाव आहे, त्यामागे कोणी 'व्यक्ती' सापडत नाही. मग तो रथाचे उदाहरण घेऊन चाक, आस, जू यांपैकी रथ कशाला म्हणायचे ते राजाला विचारतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद आणि अठराव्या शतकातल्या ह्यूमचे हे निरीक्षण एकमेकांच्या इतके जवळ येतात, ही विचारांच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

परंतु घराण्याचे नाव केवळ व्यवहाराचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही, असे प्रसंगही येतात. धर्म बदलणाऱ्या माणसाचा प्रसंग त्यांतला सर्वांत अवघड. त्याचा विश्वास नवा असतो, प्रार्थना नवी असते, कधी पहिले नावही नवे असते. आडनाव मात्र आजोबा-पणजोबांचे असते. त्या आजोबा-पणजोबांनी नवा धर्म कधी ऐकलेलाही नसतो. त्यांचे पुढे काय झाले? ज्यांचे नाव आपण लावतो ते कायमचे बुडाले, असे मानून तारणाचा आनंद कसा मानायचा? अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पुस्तकातून उतरून घराघरांत आला, आणि त्याचे उत्तर शोधताना ज्याची नेमणूक धोक्यात आली तो मिशनरी ह्यूमच होता. त्याच्यापर्यंत येण्याआधी या आडनावाच्या इतर काही माणसांनी मृत्यूनंतरच्या गतीविषयी काय म्हटले ते पाहणे आवश्यक आहे, कारण एका आडनावाखाली इतकी परस्परविरोधी उत्तरे क्वचितच सापडतात.

डेव्हिड ह्यूमने मरणोत्तर जीवन मानले नाही. १७७६ च्या जुलैमध्ये लेखक जेम्स बॉस्वेल त्याच्या भेटीला गेला. अंत जवळ आला आहे हे ठाऊक असलेला हा माणूस आता तरी परलोक मानतो का, हे त्याला पाहायचे होते. ह्यूम शांत होता. आपण जन्मापूर्वी नव्हतो याचे जर दुःख नाही, तर मरणानंतर नसण्याचेही नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच वर्षीच्या २५ ऑगस्टला तो वारला. आत्म्याच्या अमरत्वावरचा त्याचा छोटा निबंध मरणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातला एक युक्तिवाद आस्तिकालाही टाळता येत नाही. माणसाचे अपराध मर्यादित असतात. आयुष्य छोटे, शक्ती छोटी, समज छोटी. अशा मर्यादित अपराधाला अनंत शिक्षा देणे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. शिवाय ज्या शिक्षेतून सुधारणा होणार नाही आणि इतरांनाही धडा मिळणार नाही, कारण जगाचा खेळच आटोपलेला आहे, त्या शिक्षेला हेतू कोणता उरतो? ह्यूमने या युक्तिवादाचा उपयोग परलोकाची कल्पनाच मोडण्यासाठी केला. पण ईश्वर दयाळू आहे असे मानणाऱ्यालाही याच जागी थांबून विचार करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात डॅनियल डंग्लस होम या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने याच्या अगदी उलट दावा केला. मृतात्म्यांशी आपला संपर्क होतो असे तो म्हणे आणि युरोपच्या राजदरबारांतून त्याच्या बैठका होत. त्याच्याविषयी इथे यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

भारताच्या इतिहासात सर्वांत परिचित ह्यूम म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन. त्याचे वडील जोसेफ ह्यूम ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य होते आणि दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात बुंदेलखंडातल्या फौजेबरोबर होते. पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये काटकसर आणि सुधारणा यांचा आग्रह धरणारे सभासद म्हणून त्यांचे नाव झाले. अॅलन १८२९ साली जन्मला, इटाव्याचा कलेक्टर झाला, पक्ष्यांचा अभ्यास करून त्याने हजारो नमुन्यांचा संग्रह उभारला आणि १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात ठरले होते. तिथे पटकी पसरल्याने ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले आणि त्याला ७२ प्रतिनिधी आले, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्याच्या धार्मिक शोधाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. १८८० च्या सुमारास तो थिऑसफीकडे वळला. सिमल्याच्या शाखेचा तो अध्यक्ष झाला आणि थिऑसफीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्यामार्फत ज्यांची पत्रे येत असे सांगितले जाई त्या 'महात्म्यां'शी त्याने लांबलचक पत्रव्यवहार केला. कर्म आणि पुनर्जन्म यांच्या आधारे जगाचा हिशेब लावणारी ती विचारसरणी होती. ह्यूमने ईश्वरावर एक प्रकरण लिहून पाठवले, तेव्हा उत्तरात व्यक्तिरूप ईश्वराची कल्पनाच नाकारलेली होती. हा नकार ह्यूम मान्य करू शकला नाही. पत्रांच्या खरेपणाविषयीही त्याचा संशय वाढत गेला आणि थोड्याच वर्षांत तो संस्थेतून दूर झाला. प्राणिहत्येविषयीची त्याची नावड मात्र टिकली. पक्षी मारून त्यांचे नमुने जमवणारा हा माणूस शाकाहारी झाला.

अहमदनगरचे ह्यूम हे निराळे, अमेरिकन घराणे. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली मुंबईला आले. अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या परदेशी मिशनचे, काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला १८३१ पासून चालू होते. मराठीतले दीर्घायुषी नियतकालिक 'ज्ञानोदय' हे १८४२ च्या जूनमध्ये याच मिशनने नगरला सुरू केले आणि पुढे मुंबईला नेले. रॉबर्ट विल्सन यांनी त्याचे संपादन केले. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी निघाले आणि १८५४ साली जहाजावरच वारले. त्यांची पत्नी हॅना मुलांना घेऊन अमेरिकेत परतली. त्यांचा मुंबईत १८४७ साली जन्मलेला मुलगा रॉबर्ट अॅलन येल विद्यापीठात आणि नंतर अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकला आणि १८७४ मध्ये अहमदनगरला रुजू झाला. पुढची पन्नासएक वर्षे नगरकरांच्या तोंडी 'ह्यूमसाहेब' म्हणजे हाच. १८७८ मध्ये त्याने मराठी ख्रिस्ती उपदेशक तयार करणारे धर्मशिक्षणाचे विद्यालय नगरला काढले. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाची मोठी जबाबदारी त्याच्यावर होती आणि त्या कामाबद्दल सरकारने त्याला कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. शहरातले ह्यूम मेमोरियल चर्च त्याच्या नावाने ओळखले जाते.

या मिशनमधून जे ख्रिस्ती झाले त्यांच्या आडनावांकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज काळात धर्मांतराबरोबर आडनावही बदलले. धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीजाचे किंवा धर्मगुरूचे आडनाव नव्या कुटुंबाला मिळे. डिसोझा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, परेरा ही आडनावे तिथून आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच परंपरेतले आडनाव लावून २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नगर जिल्ह्यात तसे घडले नाही. अमेरिकन मिशनने आपली आडनावे कोणाला दिली नाहीत. नगरचे सुरुवातीचे ब्राह्मण ख्रिस्ती हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे मोडक-खिस्तीच राहिले. नंतर खेड्यापाड्यांतून, मुख्यतः महार आणि मांग समाजांतून, मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या घरांत याकोब, दाऊद, शमुवेल ही नावे आली, आडनावे मात्र गायकवाड, साळवे, शिंदे, पवार अशीच राहिली. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरला ह्यूमसाहेबांच्या विद्यालयात शिकवू लागले. त्यांचेही आडनाव टिळकच राहिले आणि मुलाचे नाव देवदत्तच राहिले.

या टिकून राहिलेल्या आडनावांमुळे पूर्वजांचा प्रश्न अधिक धारदार झाला असावा. गोव्यातल्या कुटुंबाला चारशे वर्षांत जुने नाव विसरता आले. नगरच्या ख्रिस्ती माणसाचे चुलते आणि चुलत भाऊ सगळे त्याच गावात, त्याच आडनावाने राहत होते. भाद्रपदात पितृपंधरवडा आला की शेजारच्या घरात वडील, आजोबा, पणजोबा यांच्या नावाने जेवण वाढले जाई आणि याच्या घरात ते बंद झालेले असे. मेलेल्यांशी संबंध सांगणारा विधी सुटला, पण त्यांचे नाव सुटले नाही. अशा माणसाला उपदेशकाने सांगितले की ख्रिस्तावाचून तारण नाही आणि निवड करण्याची मुदत मृत्यूबरोबर संपते, तर तो पहिला प्रश्न काय विचारणार? माझा आजा कुठे आहे?

हा प्रश्न नगरपुरताच नव्हता. सोळाव्या शतकात जपानमध्ये फ्रान्सिस झेवियरला हेच ऐकावे लागले. ज्याचे शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे त्या झेवियरने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे की, आपल्या आईबापांना आणि पूर्वजांना नरकातून सोडवण्याचा काहीच उपाय नाही हे कळल्यावर जपानी ख्रिस्ती रडत. त्याहून जुनी कथा फ्रिसिया प्रांताचा राजा रॅडबोड याची आहे. बाप्तिस्म्यासाठी तो पाण्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात त्याने विचारले की आपले पूर्वज कुठे असतील. ते नरकात आहेत असे उत्तर मिळताच त्याने पाऊल मागे घेतले आणि पूर्वजांसोबत राहणे पसंत केले. कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, शतकानुशतके ती सांगितली जाते, कारण तिच्यातला राजा हट्टी वाटत नाही; तो आपल्या माणसांना न सोडणारा माणूस वाटतो.

ह्यूम ज्या अँडोव्हरमध्ये शिकला होता तिथल्या अध्यापकांनी १८८० नंतर या प्रश्नाला नवे उत्तर दिले. त्यांचा तर्क असा होता. ख्रिस्तातून प्रकट झालेले ईश्वराचे प्रेम सर्व माणसांसाठी असेल, तर ते प्रेम ओळखण्याची संधीही सर्वांना मिळाली पाहिजे. जे ऐकल्यावाचून मेले त्यांचा न्याय न ऐकलेल्या गोष्टीवरून करणे ईश्वराच्या स्वभावाला शोभत नाही. मग ती संधी मृत्यूनंतर, शेवटच्या न्यायापूर्वी, त्यांना मिळत असली पाहिजे. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने बंदीतल्या आत्म्यांना आणि मृतांना संदेश दिल्याचा जो गूढ उल्लेख आहे, त्याचा आधार ते घेत. विरोधकांना यात मोठा धोका दिसला. मेल्यावरही संधी असेल तर समुद्र ओलांडून, तापाने आणि पटकीने मरत, परक्या भाषा शिकत मिशनऱ्यांनी जायचे कशाला? बोर्डाचे सचिव एडमंड ऑल्डन या मताचे कडवे विरोधक होते आणि असे मत बाळगणाऱ्या उमेदवारांना परदेशी पाठवू नये असा त्यांचा आग्रह होता. अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर पाखंडाचा खटला भरला गेला. त्यांपैकी एग्बर्ट स्मिथ यांना १८८७ मध्ये दोषी ठरवले गेले. पुढे न्यायालयात तो निकाल टिकला नाही.

रॉबर्ट अॅलन ह्यूम १८८६ मध्ये सुट्टीवर अमेरिकेत होता. अँडोव्हरमध्ये बोलताना त्याने सांगितले की मरणोत्तर संधीची आशा ठेवल्याने मिशनचे काम सैल पडत नाही, उलट त्याला बळ मिळते. हिंदुस्थानातले लोक आपल्या वाडवडिलांविषयी विचारतात आणि त्यांना ठामपणे 'ते गेले' असे सांगणे त्याला शक्य नव्हते. सिद्धांत म्हणून तो हे शिकवत नव्हता. आशा म्हणून ते नाकारायला तो तयार नव्हता. भाषणाची बातमी पसरली आणि बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्याला नगरला परत पाठवण्याचा निर्णय अडवून धरला. मुंबईत जन्मलेला, बारा वर्षे नगरला काम केलेला माणूस, जिथे त्याने विद्यालय उभे केले त्या गावी जाऊ शकत नाही अशी वेळ आली. बोर्डाच्या वार्षिक सभांमध्ये या प्रश्नावर कडाक्याचे वाद झाले. अखेर १८८७ मध्ये त्याला परतण्याची परवानगी मिळाली.

या प्रकरणात ह्यूमचे मोठेपण त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या प्रामाणिकपणात आहे. वाद टाळायचा असता तर गप्प बसणे सोपे होते. बोस्टनमध्ये बसलेल्या समितीला 'न ऐकलेले मृत' ही एक शास्त्रीय वर्गवारी होती. ह्यूमसाठी ते त्याच्या विद्यार्थ्यांचे आजोबा होते. ज्याला धर्माचा प्रश्न समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात दिसतो त्याचे उत्तर कदाचित पुरते सुसंगत नसेल, पण ते विचारात घेण्याजोगे असते. मरणोत्तर संधीची कल्पनाही पूर्णपणे समाधान देत नाही. तीत शेवटचा शब्द अजून निवडीचाच आहे, आणि मृत्यूपलीकडे जाऊन नाकारणाऱ्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. तरीही न ऐकणे हा अपराध नाही एवढे तिने मान्य केले, आणि त्या काळात तेवढेच पुष्कळ होते.

इथे दोन ह्यूम एकमेकांसमोर येतात. डेव्हिडने म्हटले होते की मर्यादित अपराधाला अनंत शिक्षा अन्याय्य आहे, म्हणून शिक्षा देणाऱ्या परलोकाची गोष्टच सोडा. शंभर वर्षांनी रॉबर्ट अॅलन त्याच अन्यायाकडे पाहून म्हणतो की ईश्वर न्यायी आहे, म्हणून परलोकाची आपली समजूतच दुरुस्त केली पाहिजे. दोघांचा नैतिक आक्षेप एकच आहे. पहिल्याने आक्षेपाला धरून श्रद्धा सोडली, दुसऱ्याने श्रद्धेला धरून आक्षेपाला जागा करून दिली. नास्तिकाचा युक्तिवाद आस्तिकाच्या धर्माला अधिक दयाळू बनवू शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

रॉबर्ट अॅलनच्या नगर जिल्ह्यातच, त्याच्या सुमारे सहाशे वर्षे आधी, हा प्रश्न वेगळ्या दिशेने हाताळला गेला होता. प्रवरेकाठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितले. त्या मागणीत कोणी बाहेर ठेवलेले नाही. दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्या ठायीचा दुष्टपणा जावा असे मागितले आहे, आणि सगळ्या प्राणिमात्राचे भले मागितले आहे. अमेरिकेतल्या वादात तारण कोणाला मिळू शकते याची हद्द आखण्याचा प्रयत्न होता. पसायदानात हद्दच नाही. दोन्ही परंपरांच्या गृहीतकांत मोठे अंतर आहे आणि ते पुसून टाकणे योग्य नाही. वारकरी विचारात जन्म अनेक आहेत, म्हणून घाई नाही. काँग्रिगेशनल विचारात जन्म एक आहे, म्हणून मृत्यूची वेळ निर्णायक ठरते. परंतु नगरच्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात पसायदान लहानपणापासून बसलेले होते, आणि ज्याने ते ऐकले आहे त्याला अर्ध्या जगाला वगळणारे तारण अपुरे वाटणे स्वाभाविक आहे.

टिळकांच्या आयुष्यात ते स्पष्ट दिसते. संत तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. मराठी अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही शिष्य म्हणून येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळक वारले, त्यामुळे ते काम फार वाढले नाही. आत कोण आणि बाहेर कोण ही रेषा कुठे काढायची, याचे त्यांनी दिलेले उत्तर ह्यूमच्या उत्तरापेक्षा पुढचे होते. ह्यूमने मेलेल्यांसाठी दार उघडे ठेवले. टिळकांनी जिवंतांसाठी उघडले.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत, जिथे विवेकानंद बोलले, तिथे ह्यूमनेही हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतले साम्य आणि भेद यांवर निबंध वाचला. १९०५ मध्ये त्याचे मिशनकार्याकडे आधुनिक दृष्टीने पाहणारे पुस्तक आले, १९११ मध्ये भारताच्या धार्मिक इतिहासावरचे. त्याचा सूर असा की मिशनरी येण्यापूर्वीही ईश्वर या देशात काम करत होता. हे मान्य केल्यावर वाडवडिलांचा प्रश्न निराळा दिसू लागतो. ज्यांच्याजवळ ईश्वर आधीपासून होता ते पूर्ण अंधारात मेले असे म्हणता येत नाही. १९२९ मध्ये ह्यूम अमेरिकेत वारला.

घराण्याच्या पुढच्या पिढीत वाटा आणखी फुटल्या. अहमदनगरला १८७६ मध्ये जन्मलेला एडवर्ड हिक्स ह्यूम डॉक्टर झाला आणि चीनमधल्या चांगशा शहरात त्याने येल विद्यापीठाच्या नावाने रुग्णालय आणि वैद्यकीय शिक्षण उभे केले. डॉ. रूथ ह्यूम नगरलाच स्त्रियांच्या रुग्णालयात काम करत होत्या. मुंबईत १८७७ मध्ये जन्मलेला रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम न्यूयॉर्कच्या युनियन धर्मशिक्षण संस्थेत जगातील धर्मांच्या इतिहासाचा प्राध्यापक झाला. १९२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्याचे तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर काढले, आणि अनेक दशके इंग्रजी वाचकाला उपनिषदे त्याच्यामुळे कळली. त्यातल्या मुण्डकोपनिषदात समुद्राला मिळालेल्या नद्यांचे नाव आणि रूप दोन्ही विरून जाते, आणि तसाच ज्ञानी नामरूपातून सुटून परम पुरुषाला मिळतो, हा विचार आहे. मिशनऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे काळजीपूर्वक भाषांतरित केले.

हे आडनाव धारण करणाऱ्या विसाव्या शतकातल्या दोन माणसांचा इथे उल्लेख केला पाहिजे. १९२३ मध्ये न्यूकॅसलला जन्मलेला जॉर्ज हॅलिबर्टन ह्यूम बेनेडिक्टाइन मठात गेला तेव्हा त्याने बेसिल हे नाव घेतले, आडनाव राहिले. वडील स्कॉटिश प्रोटेस्टंट, आई फ्रेंच कॅथलिक. १९७६ पासून १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वेस्टमिन्स्टरचा आर्चबिशप आणि कार्डिनल होता. त्याच्या चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या 'लुमेन जेन्शियुम' या दस्तऐवजात, अधिकृतपणे नमूद केले होते की जे स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताचा संदेश जाणत नाहीत, पण मनापासून ईश्वर शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. नगरच्या ह्यूमसाहेबाला ज्या आशेसाठी १८८६ मध्ये अडवले गेले, तिच्याजवळचे मत आता रोमने स्वीकारले होते. दुसरा उत्तर आयर्लंडचा जॉन ह्यूम. तरुणपणी तो धर्मगुरू होण्यासाठी मेनूथच्या सेमिनरीत शिकला, पण राजकारणात गेला. आपल्या प्रदेशातील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत समेट घडवण्यासाठी त्याने आयुष्य वेचले. १९९८ मध्ये डेव्हिड ट्रिंबल यांच्यासह त्याला शांततेचे नोबेल मिळाले आणि भारत सरकारने त्याला २००१ चा गांधी शांतता पुरस्कार दिला.